बाबांच्या ताटाजवळचा पेला

हुडकेश्वर, नागपूर
१७ मार्च

यमुताई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात, हे मला ठाऊक आहे. तू तो घेशील की नाही हे ठाऊक नाही, म्हणून शेवटाला ठेवतो.

फोन का केला नाही, असं विचारशील. एक तर दहा महिने तू माझे फोन कापतेस. दुसरं म्हणजे फोनवर समोरून 'हॅलो' आलं की माझं तोंड आपोआप खोटं बोलायला लागतं. 'सगळं ठीक, मजेत आहे.' वीस वर्षांची सवय. कागदावर खोटं लिहायला निदान वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात लाज वाटते.

तर बातमी अशी की आज सहा महिने तेरा दिवस झाले, मी प्यायलो नाही. हे वाचून तू 'हूं' म्हणशील. म्हण. मागच्या वेळी पाच महिने झाले होते तेव्हाही मी असाच आकडा सांगत फिरायचो.

पतसंस्थेनं मला परत घेतलं नाही, ते बरोबरच केलं. आता इथे नानाजींच्या कूलरच्या दुकानात आहे. होळी झाली की दुकानापुढे कूलरची रांग लागते. जुनं कुजलेलं गवत काढायचं, जाळी घासायची, नवं गवत भरून तारेनं बांधायचं, पंप उघडून गाळ काढायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी बोटं चिरून घेत शिकतोय. नानाजी सत्तरीचे आहेत. चौदा वर्षांपूर्वी तेही याच वाटेनं परत आले. उपदेश वगैरे काही करत नाहीत. रोज एवढंच विचारतात, "जेवला का गा?"

थकलोय, ताई. लोकांना वाटतं, सोडायची म्हणजे एकदा मन घट्ट करायचं नि झालं. तसं नसतं. रोज संध्याकाळी पाच वाजता तेच मन घट्ट करायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाचला बघावं तर पुन्हा सैल. व्यसनमुक्ती केंद्रातल्या भूमिका मॅडमनी सांगितलं होतं, तलफ आली की तिच्याशी भांडू नका, वेळ काढा, वीसेक मिनिटांत ती ओसरते. मला घड्याळाकडे बघत बसवत नाही. मी दुरुस्त झालेल्या एखाद्या कूलरची टाकी भरायला लावतो. आमच्या नळाची धार बारीक आहे. टाकी भरेपर्यंत काही ठरवायचं नाही, एवढाच नियम. भरली की बघू. बहुतेक वेळा भरेपर्यंत ती गेलेली असते. कधी दोन टाक्या लागतात. एकदा चार लागल्या तेव्हा नानाजी म्हणाले, "आज दुकानात पूर आणतं का गा?"

आता मुद्द्याचं. ३० एप्रिलला अक्षय तृतीया, आपली तीज. मला घरी यायचं आहे. पितरांची घागर मला पुजायची आहे. पण तो पेला मांडू नकोस.

भूमिका मॅडमना मी आपल्या घरची रीत सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाबा गेल्यापासून तीजेला पितरांच्या ताटाशेजारी त्यांचा काचेचा पेला ठेवतो, दोन बोटं दारू ओतून, कारण त्याशिवाय वामनराव कधी जेवायला बसले नाहीत. नैवेद्य दाखवून झाला की थोरल्या लेकरानं तो प्रसाद म्हणून घ्यायचा. थोरली तू, पण बाई, म्हणून तो माझ्याकडे आला. "पाच महिने सोडलेल्या माणसाकडे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, बहिणीनं दिला.

पुढचं तू जाणतेस. एका पेल्यावर मी थांबलो नाही. दुपारी कुहीच्या बाजारात जाऊन बसलो, उन्हं कलल्यावर आलो, तुझी भावजय चारुशीला नको नको म्हणत होती तरी तिला स्कूटरवर बसवलं, आणि गावाबाहेर नाल्याच्या पुलाशी दोघं पडलो. तिच्या उजव्या मनगटात सळई आहे. ती जरीपटक्याला तिच्या बहिणीकडे राहते. अजून ब्लाउज शिवते, पण कात्री डाव्या हातानं धरते. दवाखान्यात तू मला म्हणालीस, "बाबाच्या घरात पाय टाकू नको." मी म्हणालो, "पेला कोणी दिला?" त्यानंतर आपण बोललोच नाही.

पेला नको, एवढंच सांग. मी येतो.

आता नमस्कार.

विक्रम


६ एप्रिल

यमुताई,

तुझं उत्तर मिळालं. तेही तोंडी, तेही चंपतरावांच्या तोंडून. तुझा शेजारी, भला माणूस, कुहीहून वांगी घेऊन आला होता, ती बाजारात टाकून तसाच दुकानात आला. गिऱ्हाइकांसमोर उभं राहून त्यानं अगदी तुझ्या आवाजात सांगितलं, "यमुताई म्हने, ताट पुरं मांडीन. बाबाचं मन मोडनार नाही. त्याले घ्याचं नसंन त नको घेऊ म्हना, कोनी जबरदस्ती करून राहिलं का?"

एक बाई कूलरचा पंप घ्यायला आली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पंपाऐवजी तिच्या हातात तारेचं भेंडोळं दिलं.

नको घेऊ म्हणे! ताई, असं असतं होय? मला नको म्हणता आलं असतं तर मी सहा वाजता कुलूप लावून घरी जाताना एवढा मोठा फेरा घातला असता का? सरळ रस्त्यावर दारूचं दुकान आहे म्हणून मी रोज दोन किलोमीटर जास्त चालतो. या उन्हात. दारू सुटली म्हणून तंबाखूचा खर्रा धरला होता, तोही आता सोडतोय, तर हिरड्या ठणकतात. खिशात लवंगा ठेवतो. माझ्या सगळ्या शर्टांना लवंगांचा वास येतो. एवढं करून मी तुझ्याकडे फक्त एक पेला मागितला होता, आणि तोही भरलेला नव्हे, न भरलेला.

मॅडमनी चार प्रश्न शिकवलेत. तलफ आली की स्वतःला विचारायचं, भूक लागली का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलोय का. आज चंपतराव गेल्यावर विचारले. भूक नव्हती. थकवा रोजचाच. राग मात्र होता. तो असला की कोणावर आहे ते कागदावर लिहायचं, पोटात ठेवायचा नाही. म्हणून लिहितो. तुझ्यावर आहे.

आई गेली तेव्हा तू पंधराची होतीस, मी चार वर्षांचा. तू मला न्हाऊ-माखू घातलंस, शाळेत सोडलंस, तुझं लग्न त्यात राहून गेलं, यातलं काही मी विसरलो नाही. पण बाबांचा पेलाही तूच भरायचीस. रोज. दोन बोटं भरायचीस, तिसरं मागितलं की तिसरं. भरताना तोंड दुसरीकडे करायचीस. पोट फुगून बाबा गेले तोपर्यंत भरलास. मग ते गेल्यावरही भरतेस. मेलेल्या माणसाला पाजायची आणि जिवंताला सांगायचं, नको घेऊ!

हे पत्र मी फाडणार होतो. मग टाकी भरायला लावली. ती भरली तरी फाडावंसं वाटेना, म्हणून पाठवतोय.

विक्रम


१९ एप्रिल

ताई,

मागचं पत्र परत मागता आलं असतं तर मागितलं असतं. आता हे वाच, आणि बसून वाच.

परवा नानाजींनी जरीपटक्याला एका घरी कूलर बघायला पाठवलं. पत्ता मी ओळखला, नानाजींना ठाऊक नव्हतं. चारुशीलाच्या बहिणीचं घर. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

दार चारुशीलानं उघडलं. बहीण कामावर गेली होती. पंप काढला, साफ केला, गवत बदललं. तिनं पाण्याचा तांब्या डाव्या हातानं आणून ठेवला. जाताना म्हटलं, नळ सोडून बघ, पाणी येतंय का. तिनं उजव्या हातानं नळ धरला, तो तिला फिरवता येईना, मग डाव्यानं फिरवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आता आवाज येत नाही," एवढं म्हणाली. कूलरबद्दल.

बाहेर पडलो तर पाच वाजत होते. ऊन चव्वेचाळीस. मोठा फेरा घालायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. वाटेत लागलेल्या दारूच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. आत चार माणसं होती. पाचवा मी, असं मनात धरून पाऊल उचललंही होतं. जवळपास ना नळ ना टाकी. फक्त फोन होता. नानाजींना लावला.

त्यांनी कुठे आहेस असं विचारलं नाही. "जेवला का गा?"

"नाही."

"सकाळपासून?"

"हो."

"काहून?"

ताई, डबा पिशवीत होता. भाकरी होती, झुणका होता. दुपारी चारुशीलाच्या दारात जायच्या आधी झाडाखाली बसून खाता आला असता. मी खाल्ला नाही. उपाशीपोटी लवकर चढते, म्हणून खाल्ला नाही. माझं डोकं म्हणत होतं आपण कूलर दुरुस्त करायला चाललोय, आणि माझं पोट सकाळपासून पाच वाजण्याची तयारी करून बसलं होतं.

"तिथं उभा राहू नको," नानाजी म्हणाले. "आधी खाय काही. खाऊन मंग फोन कर. त्याच्यानंतर तुले पेवाची असंन त पे, मी नाही म्हनत नाही."

दोन दुकानं सोडून तर्रीपोह्याचा ठेला होता. दोन प्लेटी खाल्ल्या. तर्री एवढी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. ठेलेवाल्यानं न विचारता तिसरी प्लेट पुढे केली, वर नुसता चिवडा टाकून. पोटात अन्न गेलं तशी तलफ निम्मी झाली. उरलेली निम्मी घेऊन मी घरी आलो.

आणि घरी येऊन बसलो तेव्हा गेल्या तीजेची सकाळ आठवली.

तू पोहे केले होतेस. हिरवागार सांबार बारीक चिरून घालून, वर लिंबू, मला आवडतात तसे. मी म्हणालो, "ताई, मला उपास आहे. बाबांचा प्रसाद घेऊनच जेवीन." तुझे डोळे भरून आले. तू चारुशीलाला म्हणालीस, "पाह्य वं, पाच महिन्यांत किती सुधारला." आठवतं?

तो उपास नव्हता, ताई. होळीपासून मी तीजेचे दिवस मोजत होतो. त्या दिवशी प्यायलो तर ते पिणं होणार नव्हतं, तो प्रसाद होणार होता. कोणी बोट दाखवू शकलं नसतं. सकाळी आल्या आल्या मी स्कूटर रस्त्याकडे तोंड करून लावली होती. चहासुद्धा घेतला नाही. नैवेद्य झाला तेव्हा तू पेला उचलायच्या आधी माझा हात पुढे आला होता. तू नुसता त्यात ठेवलास.

केंद्रात मी माझी गोष्ट कितीतरी वेळा सांगितली. दर वेळी 'बहिणीनं दिला' इथे आलो की लोक च्‌च्‌ करायचे. मला ते फार बरं वाटायचं. तुझं नाव घेऊन मी इतके महिने लोकांकडून च्‌च्‌ गोळा केलं. तुझ्यावर घातलेला दोष माझा होता. चारुशीलाच्या मनगटाचाही माझाच आहे. तिलाही हे वेगळ्या कागदावर लिहून टाकलं आहे. ती वाचेल की नाही, ते तिचं ती बघेल.

मी तीजेला येत नाही. रुसून नाही. तू ताट हवं तसं मांड, बाबा तुझेही होते. पण पेला समोर असला तर मी घेईन. जबरदस्ती कोणी करायला लागत नाही. आज माझ्याकडे एवढंच खरं आहे, बाकी सगळं मी अजून तपासतोय.

तुझा,
विक्रम


३० एप्रिल, दुपार

ताई,

आज तीज. थोडकंच लिहितो, हात दुखतात.

नवी घागर आणली. दुकानात गवताच्या पोत्यांशेजारी पाट मांडला, घागर भरली, वर आंबा ठेवला. पुरणपोळी विकतची. नानाजी बाजूला बसले होते. नैवेद्याला बाबांचं नाव घेताना माझा आवाज फुटला, तर ते गिऱ्हाईक आल्यासारखे उठून बाहेर गेले. बाहेर कोणी नव्हतं.

पेल्याच्या जागी स्टीलचं भांडं ठेवलं, पाण्याचं. बाबांना आवडलं नसणार.

सकाळी पोटभर पोहे खाल्ले होते. तरी अकरा ते दोन काही खरं नव्हतं. सारखं वाटत होतं, आत्ता तू नैवेद्य दाखवत असशील, आत्ता पेला तिथे भरलेला असेल आणि तो घ्यायला कोणी नसेल. चाळीस किलोमीटरवरून मला त्याचा वास येत होता. चेहऱ्यावर पाणी मारलं, लवंगा चावल्या, भूमिका मॅडमना फोन केला, त्या सुट्टीवर होत्या तरी बोलल्या. तीन टाक्या भरल्या.

अजून प्यायलो नाही. जिंकल्यासारखं काही वाटत नाही. झोपावंसं वाटतं.

विक्रम


कुही
६ मे

विक्रम,

चंपतरावाच्या हातून हे धाडून राहिली. मी चौथी शिकलेली बाई, चुका काढत बसू नको. या बारीला तोंडी निरोप नाही धाडला, कारण हे चंपतरावाले सांगन्यासारखं नाही.

तुही चारही पत्रं वाचली. दुसरं वाचून मी दोन दिवस जेवली नाही. तिसरं वाचून हसली, अन् मंग रडली. तुले वाटते, उपासाचं तू आता सांगतलं तवा मले समजलं. येडा आहेस. मले त्याच दिवशी समजलं होतं.

उपासाले मानूस चहा पेते गा. तू चहाही नाही घेतला. बाबा असेच करत. सनाच्या दिवशी सकाळपासून पोटात काही टाकत नसत, म्हनत, यमे, आज मले उपास आहे. मी लहान होती तवा खरं वाटे. मंग समजलं, हा कोनत्या देवाचा उपास आहे. तू त्या दिवशी पोह्याची प्लेट सरकवली त मले बाबाच दिसले. माहे डोळे भरले ते आनंदानं नाही भरले.

मंग काहून दिला, म्हनशीन. माह्यापाशी एकच जवाब आहे, तो चांगला नाही. आपल्या हातानं दिली त मानूस घरात राह्यते, बाहेर जाऊन पडत नाही, असं मले वाटे. बाबाले असंच समजून दिली. तुलेही तसंच समजून दिली. तू घरात नाही राह्यला. चारूचा हात मोडला, तवा मी तुले घराबाहेर काढलं. मले स्वतःले काढता येत नव्हतं म्हनून तुले काढलं.

आता तीजेचं आयक. मी ताट मांडलं. पेलाही मांडला, खोटं नाही बोलत. पुरन केलं, रस केला, कुरडया तळल्या. नैवेद्य झाला. मंग पेला घेवाले कोनी नाही. मी पाटावर बसून राह्यली. मंग आठवलं, रीत त थोरल्या लेकराची आहे. थोरली त मीच आहे.

मी पेला उचलला. तोंडापाशी नेला. इतकी वर्षं भरला, पन वास कधी घेतला नव्हता, तोंड फिरवत होती ना. त्या वासात बाबा होते, अन् तू होतास, अन् पुलापाशी पडलेली चारू होती. मी म्हनली, बाबा, थोरली मी आहे, अन् मी घेत नाही. आता पुरे.

मोरीत ओतली. पेला राखेनं घासला. त्याच्यात आता मी ताक पेते. ताक चांगलं लागते.

चारूले भेटून आली मी परवा, जरीपटक्याले. तुहं पत्र तिनं वाचलं आहे. काय म्हनली ते मी नाही सांगत, ते तिचं आहे. तिले सांगायचं असंन त तुले सांगंन.

माह्या खोलीतला कूलर दोन वर्षांपासून खडखड करते. गवताले वास येते. इतवारच्या दिवशी सुट्टी असंन त येजो, अन् तुह्या नानाजीले घेऊन येजो. पोहे करीन, सांबार घालून.

सकाळी घरून काही खाऊन नको येऊ. उपाशी ये. या बारीला खरा उपाशी ये.

यमुताई